मापात पाप

पौडच्या बाजारात भाजीवालीने किलोमागे पन्नास ग्रॅम कमी घातले, तर आमच्या बाया बाजार डोक्यावर घेतात. "मापात पाप करू नये" म्हणून तिला ऐकवतात. त्याच बाया पुण्याला जाऊन तयार कपडे घेतात. एका दुकानातला 'एल' अंगात ढगळ होतो, शेजारच्या दुकानातला 'एक्सएल' खांद्याखाली उतरत नाही. तेव्हा मात्र त्या दुकानदाराशी भांडत नाहीत, स्वतःच्या शरीराशी भांडतात! माझे भांडण आहे ते याच्याशी.

मी शाळामास्तरीण. कादंबऱ्या लिहिते, पण ही हकीकत कादंबरीतली नव्हे. गेल्या साली माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा उघडीनाशी झाली. एके दिवशी प्रार्थनेला उभी असताना तिला घेरी आली. गूळ-शेंगदाणे खायला घालून विचारले, तेव्हा कळले. भावाच्या लग्नासाठी मायलेकी पुण्याला गेल्या होत्या. नेहमीचा 'एल' अंगात जाईना. विक्रेता भरल्या दुकानात ओरडला, "यांना डबल एक्सएल दाखवा रे!" आई म्हणाली, "किती गं सुटलीस!" त्या दिवसापासून पोरीने अन्न टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला आणि तिच्या दोघी मैत्रिणींना आपापले 'एल'चे कुडते आणायला सांगितले. ते टेबलावर पसरून छातीचा घेर टेपने मोजला. एक भरला ९६ सेंटिमीटर, दुसरा १०२, तिसरा १०८! अक्षर तिघांवर एकच. "बाई, मग खरा एल कुठला?" मुलीने विचारले. काय सांगणार? खरा एल कुठलाच नाही.

कारखानदार एक नमुन्याचे शरीर धरतो, त्यावर बेतलेला कागद ठराविक अंतराने वाढवतो नि घटवतो, आणि त्याला अक्षरे चिकटवतो. नमुना ज्याचा त्याचा वेगळा, म्हणून अक्षराचा अर्थही ज्याचा त्याचा वेगळा. अमेरिकेने १९३९-४० साली सुमारे १५,००० बायकांची मापे घेतली, १९५८ साली सरकारी प्रमाण ठरवले आणि १९८३ साली ते मागेही घेतले. गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून मोठ्या कपड्याला लहान आकडा लावण्याची चाल तिकडे पडली आहे. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय मापांसाठी २५,००० माणसे मोजण्याचे योजिले, तेही सहा शहरांत. खेडे त्यात कुठे आहे? मुळशीत भातलावणी करणाऱ्या बाईचे खांदे त्या मापात बसणार का, हे तिला कोण विचारणार?

१९५६ च्या कायद्याने शेर गेला, वार गेला, सगळ्या देशाला एक किलो आणि एक मीटर मिळाला. आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. वाण्याचा तराजू ठराविक मुदतीने तपासून त्यावर शिक्का मारतात. तयार कपड्यावर अक्षरासोबत सेंटिमीटर किंवा मीटरमधले माप असावे, असे २०२२ साली दुरुस्त झालेले नियमही सांगतात. पण चिठ्ठीवरचा आकडा शरीराचा की कपड्याचा, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? अक्षर मोठे, आकडा मुंगीएवढा. ज्याला अर्थ नाही ते ठळक, ज्याला अर्थ आहे ते बारीक!

कुणी म्हणेल, एवढा त्रागा कशाला? घालून पाहावे नि घ्यावे. अहो, पण शेतावर गेलेल्या नवऱ्यासाठी, शाळेतल्या पोरासाठी आई कपडे घेते, तेव्हा घालून कोण पाहणार? आठवड्याच्या बाजारात तर आडोसाही नसतो. कपडा बदलायला पुन्हा पुण्याला जायचे, तर बसभाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात. मोबाईलवर मागवलेला कपडा परत पाठवायचा, तर नेणारा माणूस कधी येईल याची वाट पाहत घरी बसायचे. म्हणून तो न होणारा कपडा ट्रंकेत पडून राहतो. मालकीण म्हणते, "बारीक झाले की घालीन."

आमच्या जुन्या शिंप्याला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. दिवाळीचा झगा तो तुळशीच्या लग्नाला देई. पण त्याच्या टेपेवरचे छत्तीस इंच पौडला आणि लक्ष्मी रस्त्यावर सारखेच होते.

सगळ्यांनी एकाच घाटाचे कपडे शिवावेत, असे माझे म्हणणे नाही. कुणी ढगळ शिवा, कुणी तंग शिवा. माझे मागणे एवढेच: कपड्याच्या छातीचा, कमरेचा घेर आणि लांबी सेंटिमीटरमध्ये, देवनागरीत, अक्षराइतकीच ठळक छापा. माप शरीराचे की कपड्याचे, ते लिहा. दुकानात टेप ठेवा. आणि तराजू तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी अधूनमधून ही चिठ्ठीही कपड्याशी ताडून पाहावी. खोटे निघाले, तर तोलात मारणाऱ्याला जो न्याय तोच इथे लावावा.

ती मुलगी आता डबा खाते. यंदा दिवाळीच्या खरेदीला तिची आई पुण्याला निघाली, तेव्हा माझ्याकडून शिवणाची टेप मागून घेऊन गेली. प्रत्येक कुडता फळीवर पसरून तिने मोजला. दुकानदार हसला म्हणे. हसू दे. पहिल्यांदा ज्या बाईने वाण्याचा तराजू तपासायला मागितला असेल, तिलाही तो हसलाच असेल.