पोस्टरच्या तळाशी

सिनेमाचं पोस्टर वाचताना नट आणि दिग्दर्शकापुढे नजर सहसा जात नाही. छायाचित्रकाराचं नाव तळाशी, बारीक अक्षरांत.

या अंकातला मुख्य लेख अशाच एका नावावर आहे : अविनाश अरुण. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या अरुण यांनी ‘किल्ला’ दिग्दर्शित केला आणि त्याचा कॅमेराही स्वतःच सांभाळला. २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात मुलांच्या ज्यूरीने त्याला ‘क्रिस्टल बेअर’ दिलं. त्यातला एक प्रसंग : मित्र निघून गेलेत, किल्ल्यात एकटा सापडलेला छोटा नायक चिन्मय आणि वरून कोसळणारा पाऊस. तिथे बोलणं जवळपास नाहीच. भीती येते ती ओल्या, अंधारलेल्या दगडांतून. कोकणातला पाऊस इतका घाबरवणारा मराठी पडद्यावर क्वचितच दिसला असेल.

२०१५ मध्ये त्यांच्याच कॅमेऱ्यातून ‘मसान’मधलं बनारस आणि ‘दृश्यम’. पुढे ‘पाताल लोक’ मालिकेचं दिग्दर्शन, मग ‘थ्री ऑफ अस’साठी पुन्हा कोकण, या वेळी वेंगुर्ला.

आमच्या रेणापूर-लातूरकडेही लग्नाचं शूटिंग करणारी पोरं आता बरीच आहेत, ड्रोनसकट. त्यांनी ‘किल्ला’ एकदा आवाज बंद करून पाहावा. (हळदीचे व्हिडिओ त्यानंतर थोडे कमी स्लो मोशनमध्ये आले, तर संपादकांची काही हरकत नाही.)