पहिला नग हाच अखेरचा नग

सांगितले तेवढेच करणाऱ्या माणसाला आपल्याकडे सांगकाम्या म्हणतात. न सांगितलेले समजून घेण्याची वृत्ती त्याच्यापाशी नसते, आणि म्हणून त्याच्या हातून कामापेक्षा घोळच अधिक होतात. आजच्या कारखान्यांतील अतिशय कर्तबगार असे एक यंत्र याच जातीचे आहे. संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या या यंत्राला सारेजण सीएनसी म्हणतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ते पाळते, आणि रात्रपाळीतही त्याला डुलकी लागत नाही. परंतु आपले हत्यार आता पोलादी पकडीवर आदळणार आहे, हे मात्र त्याला उमगत नाही. आज्ञा तशी असेल तर ते आदळते, आणि पूर्ण वेगाने आदळते.

ज्यांची मुले-मुली आयटीआयमध्ये किंवा पदविकेच्या वर्गात यंत्रकाम शिकत आहेत, अथवा ज्यांचे स्वतःचे लहानसे वर्कशॉप आहे, अशा वाचकांसाठी हा विषय या महिन्यात घेतला आहे. या यंत्रासाठी आज्ञांची मालिका, म्हणजेच प्रोग्राम, तयार करण्याचे काम आता बहुधा कॅम नावाच्या संगणकीय प्रणालीवर केले जाते. पडद्यावर वस्तूची आकृती उभी करावी, हत्यार निवडावे, आणि बाकीचा हिशेब संगणकाने करावा, अशी ही सोय आहे. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण तिने जबाबदारी कमी केली, असा जो समज नवशिक्यांत पसरतो, तो महागात पडणारा आहे. तो का, हे भिलाईत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

भिलाईचे काम निराळे

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये. दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्यप्रदेश राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. योगायोग असा की, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने आज्ञापट्टीवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखविले ते १९५२ साली, आणि अशा यंत्रांना संगणकाच्या साह्याने आज्ञा लिहिण्याची ‘एपीटी’ ही भाषा जगापुढे मांडली ती १९५९ साली. आजच्या कॅम प्रणालींच्या पूर्वजांत तिची गणना होते.

पोलाद कारखान्याभोवती यंत्रकामाची वर्कशॉपे उभी राहतात ती मुख्यतः सुट्या भागांसाठी. रोलर झिजतो, शाफ्टवर चर पडतात, कपलिंग तडकते, दंतचक्राचा दात तुटतो. त्याच्या जागी नवा भाग हवा असतो, आणि तो एक किंवा दोन-चारच हवा असतो. चाकण किंवा भोसरीच्या परिसरात मोटारींचे भाग करणाऱ्या कारखान्यात तोच तुकडा हजारोंनी निघतो. तेथे यंत्र जुळविताना पहिले दोन-तीन नग वाया गेले, तरी ते खर्चात धरलेले असतात. उलट सुट्या भागाच्या कामात पहिला नग हाच अखेरचा नग असतो. घडवून आणलेला जड शाफ्ट बिघडला, तर दुसरा मिळण्यास कित्येक आठवडे लागू शकतात, आणि तोवर ज्याचे यंत्र थांबलेले आहे तो गिऱ्हाईक वाट पाहात राहतो. लहान वर्कशॉपच्या मालकाची महिन्याची मिळकत अशा एका तुकड्यात बुडू शकते. तेव्हा चाचणीसाठी वेगळा नग मिळत नसेल, तर चाचणी करावयाची कशी, हा खरा प्रश्न आहे.

आधी पकड, मग मार्ग

कॅम शिकताना विद्यार्थी पडद्यावरील वस्तूकडे पाहतो. अनुभवी माणूस ती वस्तू यंत्रावर कशी धरली जाईल, हे आधी पाहतो. व्हाइस, क्लॅम्प, चकचे जबडे आणि हत्यार ज्यात बसते तो होल्डर, या सर्वांची आकृती प्रणालीत भरावी. ती भरली नाही, तर पडद्यावर हत्याराचा मार्ग निर्वेध दिसतो. कारण संगणकाच्या दृष्टीने तेथे काहीच नसते.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. ओतीव किंवा घडीव तुकडा कागदावरील मापाचा कधीच नसतो. अंगावर ३ मिलिमीटर जादा धातू आहे असे आपण प्रणालीला सांगितले आणि प्रत्यक्षात एका बाजूला तो ६ मिलिमीटर निघाला, तर पहिल्याच कापात हत्यारावर दुप्पट खोली येते. वेल्डिंगचा थर चढवून दुरुस्त केलेल्या शाफ्टवर तर उंचवटे असतातच, शिवाय थर जागोजाग कमी-अधिक कठीणही असू शकतो. म्हणून तुकडा यंत्राजवळ आल्यावर चार ठिकाणी मापावा, आणि सर्वांत मोठे माप प्रणालीत घालावे.

तिसरी गोष्ट शून्याची. सारी मापे जेथून मोजावयाची तो बिंदू, म्हणजे वर्क झीरो, बहुतेक यंत्रांवर जी-५४ या आज्ञेने ओळखला जातो. तो ओबडधोबड ओतीव पृष्ठावर कधीही घेऊ नये. काम चालू असताना जी जागा कापली जाणार नाही, आणि तुकडा उलटल्यावरही जिला पुन्हा स्पर्श करता येईल, अशी जागा निवडावी. ती कोठे आहे हे आकृतीसह कागदावर लिहून यंत्रापाशी टांगावे. पाळी बदलली की तोंडी निरोप बदलतो. कागद बदलत नाही.

फेरे आणि फीड

प्रणाली हत्यारासाठी फेरे आणि फीड आपणहून सुचविते. ते आकडे डोळे मिटून घेऊ नयेत. हिशेब सोपा आहे. कापण्याचा वेग दर मिनिटाला किती मीटर हे ठरवावे, त्याला १००० ने गुणावे, आणि ३.१४ गुणिले व्यास या संख्येने भागावे. उदाहरणार्थ, २० मिलिमीटर व्यासाच्या कार्बाइड एन्डमिलने साधे पोलाद मिनिटाला १२० मीटर वेगाने कापावयाचे असेल, तर फेरे सुमारे १९१० येतात. हत्याराला ४ धारा आहेत आणि प्रत्येक धारेने ०.०८ मिलिमीटर घ्यावयाचे आहे, असे धरले तर फीड मिनिटाला सुमारे ६११ मिलिमीटर होते. हे गणित हाताने करता येणाऱ्यास पडद्यावरचा चुकीचा आकडा लगेच खुपतो.

हत्यार होल्डरबाहेर किती निघाले आहे, तेही पाहावे. ही लांबी दुप्पट झाली, तर त्याच जोराखाली हत्यार आठपट वाकते. कित्येकदा थरथर थांबविण्यासाठी फीड कमी करीत बसण्यापेक्षा हत्यार आखूड धरणे हाच उपाय असतो.

लेथवर आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. कापण्याचा वेग कायम ठेवण्याची आज्ञा दिली, की हत्यार मध्याकडे येताना व्यास घटतो आणि फेरे आपोआप वाढतात. २०० मिलिमीटर व्यासावर जे १९१ फेरे असतात, तेच १०० वर ३८२ होतात, आणि मध्यबिंदूपाशी यंत्राच्या कमाल मर्यादेला भिडू पाहतात. मोठ्या चकमध्ये असमतोल तुकडा धरलेला असताना हे जिवावर बेतू शकते. फेऱ्यांची कमाल मर्यादा प्रोग्रामच्या आरंभीच बांधून द्यावी.

दुभाषा आणि टिंब

सोव्हिएत तज्ज्ञांबरोबर ज्या गावाने कारखाना उभारला, त्याला दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. कॅम प्रणालीतही एक दुभाषा असतो. त्याला पोस्ट-प्रोसेसर म्हणतात. प्रणालीने आखलेला मार्ग सर्व यंत्रांना समजेल अशा एका भाषेत नसतो. फानुक, सीमेन्स, हायडेनहाइन अशा निरनिराळ्या नियंत्रकांची बोली निरनिराळी असते. भोक पाडण्याची जी आज्ञा एकावर जी-८१ अशी लिहितात, ती दुसऱ्यावर वेगळ्या नावाने द्यावी लागते. दुभाषा चुकीचा निवडला, तर मूळ विचार अचूक असूनही यंत्रापर्यंत भलताच अर्थ पोहोचतो. भाषांतराशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना हे सहज पटेल.

एका टिंबाची किंमत पाहा. कित्येक यंत्रांवर ‘एक्स १००’ या अंकापुढे दशांशचिन्ह दिले तर अर्थ १०० मिलिमीटर होतो, आणि न दिले तर मिलिमीटरचा दहावा भाग! मिलिमीटर व इंच, तसेच मूळ शून्यापासूनचे माप व मागील जागेपासूनचे माप, यांच्या आज्ञाही अशाच एका अंकाने बदलतात. म्हणून तयार झालेल्या प्रोग्रामच्या पहिल्या वीस ओळी, आणि प्रत्येक हत्यार बदलल्यानंतरच्या पाच ओळी, डोळ्यांनी वाचाव्यात. पडद्यावरील चलच्चित्र बहुधा मार्ग दाखविते. दुभाष्याची चूक त्यात दिसेलच असे नाही.

हवेत एकदा, अंगावर एकदा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वेगळा नग नसताना चाचणी दोन प्रकारे करता येते.

पहिली चाचणी हवेत. शून्याची उंची १०० मिलिमीटरने वर घ्यावी, म्हणजे हत्यार तुकड्याच्या वरून सारा मार्ग चालून दाखविते. नंतर उंची पूर्ववत करावयाची आहे, हे विसरू नये. त्यासाठी मूळ आकडा आधी कागदावर टिपावा. प्रत्यक्ष काम सुरू करताना एकेक ओळ चालवावी, जलद हालचाल किमान वेगावर ठेवावी, आणि हत्यार तुकड्याजवळ आले की थांबवावे. किती अंतर उरले आहे ते यंत्राचा पडदा सांगतो. पडदा ४० मिलिमीटर म्हणत असेल आणि डोळ्यांना ५ दिसत असतील, तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा. ही अर्ध्या मिनिटाची सवय फार मोठा अपघात टाळते.

दुसरी चाचणी तुकड्याच्याच अंगावर. काढावयाच्या धातूचा अखेरचा थर हीच आपली चाचणीची जागा आहे. समजा, १८० मिलिमीटरचे भोक बोअर करावयाचे आहे. ते १७८ पर्यंत आणावे; मग १७९ चा प्रोग्राम चालवून थांबावे आणि मापावे. माप १७८.९६ भरले, तर हत्यार ०.०४ कमी कापते आहे, असे कळते. तेवढी दुरुस्ती ऑफसेटमध्ये करून अखेरचा काप तेवढ्याच खोलीचा, तेवढ्याच फीडने घ्यावा. दोन्ही काप सारखे असले, म्हणजे हत्यारावरचा ताणही सारखा राहतो आणि दुरुस्ती खरी ठरते. कापलेला धातू परत चिकटत नाही, पण राखून ठेवलेला धातू केव्हाही काढता येतो.

मापण्यापूर्वी तुकडा थंड होऊ द्यावा. पोलाद २० अंशांनी अधिक तापलेले असेल, तर १८० मिलिमीटरमागे सुमारे ०.०४ मिलिमीटर फुगते. गरम शाफ्ट मापून योग्य मापाचा केला, तर निवल्यावर तो बारीक भरतो, आणि त्याला उपाय नसतो. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली काम करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वडीलधाऱ्यांस दोन शब्द

दुर्गजवळ रसमडा येथे केंद्र शासनाचे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीचे तंत्रज्ञान केंद्र आहे. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे. अशा ठिकाणी कोणते अभ्यासक्रम चालू आहेत याची चौकशी अवश्य करावी. मात्र मुलाला किंवा मुलीला थेट कॅमच्या वर्गात बसविण्याची घाई करू नये. आधी काही महिने साध्या लेथवर व मिलिंगवर हात बसू द्यावा. धार बोथट झाली की आवाज कसा बदलतो, कीस कोणत्या रंगाचा व आकाराचा निघतो, हे हाताला आणि कानाला कळले, म्हणजे पडद्यावरील आकड्यांना अर्थ येतो. फिरत्या यंत्रापाशी हातमोजे व सैल बाह्या नकोत, आणि यंत्राचे दार उघडे राहिले तर ते थांबविणारी कळ कोणत्याही कारणाने निकामी करू नये, हेही घरातूनच सांगितले जावे.

आपल्या घरी निवृत्त टर्नर किंवा फिटर असतील, तर त्यांना एक विनंती आहे. संगणक आपल्याला येत नाही म्हणून संकोच करू नका. मुलाने आखलेला मार्ग त्याच्याशेजारी बसून पाहा आणि त्याला विचारा: तुकडा धरला कोठे आहेस? शून्य कोठे आहे? पहिला काप किती खोल आहे? अखेरच्या कापासाठी किती राखलेस? या चार प्रश्नांची उत्तरे त्याला न अडखळता देता आली, तर यंत्र सुरू करावयास हरकत नाही.