पद्मिनीला भाजी आणायला जाऊ द्या

थेरगावातल्या आमच्या सोसायटीत मागच्या दिवाळीआधी माझ्या गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला सापडला. ‘सदर भंगार वाहन आठ दिवसांत हलवावे.’ भंगार म्हणजे वडिलांची १९८९ची प्रीमियर पद्मिनी. त्याच सकाळी मी तिच्यातून डांगे चौकातून भाजी आणि दळण घेऊन आलो होतो. बॉनेट अजून गरम होतं.

राग नोटिशीचा नाही आला. राग आला तो पुढच्या आठवडाभर मिळालेल्या सल्ल्यांचा. अर्धे म्हणाले, मोडीत काढ, नव्या गाडीवर सवलत मिळते. उरलेले म्हणाले, अरे ही तर क्लासिक! मस्त रंग काढ, कव्हर घाल, लग्नाला भाड्याने दे, रील बनव. एक गट तिला मारायला निघालाय, दुसरा पेंढा भरायला. चालवायला कुणीच सांगत नाही.

कायदाही याच दोन टोकांवर उभा आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. आणि अट अशी, की ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्या. म्हणजे पेट्रोल भरून आणायचं, पण ते जाळून भाजी आणायची नाही! पद्मिनी हे नाव १९७४च्या सुमाराचं, त्यामुळे पहिल्या पद्मिनी आता या मखरात बसण्याच्या वयाच्या झाल्यात.

मखर नको असेल तर साधी वाट आहे. पंधरा वर्षांनी गाडी तपासून घ्यायची आणि पाच-पाच वर्षांची मुदत वाढवायची. ती वाटही दर वेळी महाग होतेय. मोटारीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२मध्ये ६०० वरून ५,००० झाली, ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींना १०,००० लागली. वर राज्याचा पर्यावरण कर. गाडीची तब्येत कशीही असो, फी वयावर.

‘प्रदूषणाचं काय?’ रास्त प्रश्न आहे. माझ्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, प्रत्येक किलोमीटरमागे ती नव्या गाडीपेक्षा जास्त घाण सोडते. हे मी नाकारत नाही. पण ती आठवड्यात फार तर पन्नास किलोमीटर चालते. तिच्या जागी नवी घेतली तर टनभर पोलाद, प्लास्टिक, काच, रंग नव्याने बनवावा लागेल, आणि तो धूर चाकणला निघाला की हिशेबातून सुटतो. आमच्या या पट्ट्यात रोज नव्या गाड्या बाहेर पडतात म्हणून आपल्याला वाटतं, गाडी म्हणजे बनवायची वस्तू. सांभाळायची वस्तू म्हणून तिच्याकडे बघणारा उरलाय कोण?

उरलाय तो आमचा मेकॅनिक. सत्तरीकडे झुकलेला. टॅपेटचा आवाज फाटकातून ऐकून सांगतो, किती ढिला आहे. त्याच्या मुलाकडे स्कॅनर आहे, कोड दिसला की तो पार्ट बदलतो. मुलाची चूक नाही, त्याच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काही येतच नाही. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन उघडलं तेव्हा मुलगा दोन रविवार शेजारी बसून होता. काढायचं, घासायचं, मापायचं, परत बसवायचं. हे शिक्षण आता कुठल्या कारखान्यात मिळतं?

आता मूळ रूपाच्या भक्तांशी भांडतो. त्यांना माझी गाडी बाटलेली वाटते. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन केलं, आता पावसाळ्यातही सकाळी चावी फिरवली की चालू. रेडिएटरला विजेचा पंखा दिला, कारण संध्याकाळी सहाला डांगे चौकात जुना पंखा हात टेकतो. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुनं रबर आणि कार्बोरेटरचे गॅस्केट त्यात टिकत नाहीत. पुढे पट्टे लावले. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, त्यांचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे घातले. दाराखालचा गंज पुट्टीने न झाकता कापून नवा पत्रा जोडला. स्टिअरिंगजवळचा गिअर मात्र तसाच ठेवलाय, तो बदलला असता तर आई बोलली नसती माझ्याशी.

पैसे गेले, खोटं कशाला बोलू. त्यात एक बरी जुनी मारुती आली असती. आणि एक्स्प्रेसवेवर मी ही गाडी नेत नाही. एअरबॅग नसलेल्या गाडीत पोरं बसवून शंभरने पळवणं हा छंद नाही, मूर्खपणा आहे. नुसता चकचकीत रंग देऊन आतले ब्रेक तसेच ठेवणारे मालक पाहिले की मला आरटीओची बाजू पटते.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर कंपनी काढली. पद्मिनी कुर्ल्याला बनली, पुढे कंपनीचा कारखाना आपल्या चिंचवडमध्येही होता. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३मध्ये संपल्या. तेव्हा सगळ्यांनी हळहळून फोटो टाकले. रस्त्यावर होत्या तेव्हा हेच लोक ‘खटारा’ म्हणून एसी गाडी बोलवत होते.

माझी मागणी फार मोठी नाही. वय विचारू नका, तपासा. ब्रेक लागतो का, धूर किती, पत्रा कुजलाय का, दिवे नीट आहेत का. नापास झाली तर खुशाल थांबवा. पास झाली तर तिला कामाला जाऊ द्या.

कमिटीला मी लेखी उत्तर दिलंय. सोबत फिटनेसची, विम्याची आणि पीयूसीची प्रत जोडलीय. बुधवारी जुन्या बाजारात मागच्या दाराचं हँडल शोधायला जाणार आहे, पद्मिनीनेच. सेक्रेटरी साहेबांना म्हटलंय, पुढची सीट सलग आहे, तिघं आरामात बसतात, येत असाल तर खाली या.