डेकला चाळीस हजार, रिफ्लेक्टरवर चिखल



आठ-पंधरा दिवसांत गळीत हंगाम सुरू होईल. परवा रोटावेटरचा पत्रा वेल्ड करून घ्यायला गेलो, तर दुकानापुढं ट्रॉल्यांची रांग. एकाच्या ट्रॉलीचे डाले फूटभर उंच करायचं काम चाललंय. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर दोन्ही बाजूला गादीवाल्या सीटा बसवायच्यात. तिसऱ्यानं साऊंडच्या पेट्या, ॲम्प्लिफायर आणि रंगीत एलईडी मिळून चाळीस हजार घातलेत. मी त्याला सहज विचारलं, "मागची लाईट चालू हाय का रं?" तर म्हणतो, "वायर तुटलीया दादा, बघू की नंतर."

या "बघू की नंतर"वरच आज लिहायचं आहे. वाचून राग आला तर येऊ दे. हा राग मी आधी स्वतःवर काढून मग लिहायला बसलोय.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊचा सुमार. मागच्या ट्रॉलीचा टायर बसला. ड्रायव्हरनं चाकाला दगड लावला आणि पंक्चरवाल्याला बघायला गेला. हंगामाच्या सुरुवातीला लावलेले रिफ्लेक्टर होते, पण त्यांच्यावर शेतातल्या वाटेचा चिखल वाळून बसलेला. ट्रॉली बदलताना मागच्या लाईटची वायर जोडायची राहिली होती. शेजारच्या गावचा एक पोरगा मोटारसायकलवरून आला आणि थेट उसाच्या मोळ्यांवर धडकला. मांडीचं हाड मोडलं. जीव वाचला, हे त्याचं आणि माझंही नशीब.

मी निर्धास्त होतो. "विमा फुल हाय" असं एजंटनं सांगितलेलं. मग मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लागला आणि विमा कंपनीनं कैफियत दिली. तीन मुद्दे होते. एक, पॉलिसीत एकाच ट्रॉलीचा नंबर आहे, उभी होती ती दुसरी. दोन, पॉलिसी शेतीकामासाठी आहे, ट्रॉलीतला ऊस दुसऱ्याचा होता आणि भाड्यानं चालला होता. तीन, ट्रॉलीचे डाले आर.सी.वरच्या मापाचे नाहीत. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दावा अजून चालू आहे. तारखेला जातो तेव्हा त्या पोराचा बाप समोरच्या बाकावर बसलेला असतो. त्याच्या नजरेला नजर देणं काय असतं, ते मला विचारा.

आता मुद्द्याचं. विमा ट्रॅक्टर किती चकचकीत आहे ते बघत नाही, कागद बघतो. गाडी आर.सी.वर जशी लिहिली आहे तशी आहे का, पॉलिसीत जो वापर लिहिला आहे तोच चालू होता का, आणि चालवणारा कोण होता, हे तीन प्रश्न. आपण पैसा घालतो तो नेमका या तिन्ही उत्तरांची वाट लावणाऱ्या कामांत.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आर.सी.तला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही तेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागं ५,००० रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. जादा वजनाला २०,००० आणि वर दर टनाला २,०००. माल बाजूनं, मागं किंवा उंचीला बाहेर आला तर वेगळे २०,०००. "पोलीस सोडत्यात की," असं म्हणणारे भेटतात. पोलीस सोडतील, पण अपघातानंतर विमा कंपनीचा वकील सोडत नाही.

मडगार्डवरच्या सीटचं बघा. ट्रॅक्टरच्या आर.सी.वर बसायची जागा एकच असते, ड्रायव्हरची. तुम्ही दोन गाद्या वेल्ड केल्या म्हणून कायद्यात दोन माणसं वाढत नाहीत. तिथं बसलेला पाहुणा, पोरगं, ऊसतोड मजूर पडला तर विमा कंपनी हात वर करते. ट्रॉलीत उसावर बसून येणाऱ्या मजुरांचंही तेच. २००७ साली सुप्रीम कोर्टापुढं असंच एक प्रकरण होतं. शेतीसाठी विमा घेतलेला ट्रॅक्टर वीटभट्टीच्या मातीकामाला जुंपला होता, ट्रॉलीचा विमा नव्हता, आणि ट्रॉलीवरचा मजूर पडून जखमी झाला. कोर्ट म्हणालं, कंपनीची जबाबदारी नाही. मजूर गरीब म्हणून कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत.

"मालकाकडून वसूल" याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथंच आहे. न्यायाधिकरणानं ठरवलेली रक्कम थकली तर कलम १७४ खाली जिल्हाधिकाऱ्याकडं दाखला जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे शेवटी येतं ते सातबाऱ्यावर. आजोबांनी पोटाला चिमटा काढून राखलेली जमीन, आपण मागची एक वायर न जोडल्यापायी टांगणीला लावतो.

स्वतःच्या जिवाचा हिशेब तर त्याहून वाईट. मालक-चालकाला १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा आहे. पण शब्द बघा, मालक आणि चालक. ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर आणि चालवतो पोरगा, अशी आपल्याकडं निम्मी घरं असतील. पोराला काही झालं तर त्या कलमातून एक पैसा मिळत नाही. मालक स्वतः चालवत असेल पण लायसन्स नसेल, तरी नाही. पगारी ड्रायव्हरसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. त्याचा हप्ता अगदी किरकोळ आहे, पण ते कुणी मागत नाही आणि एजंट सांगत नाही.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल हा विमा कंपन्यांचा माणूस. कंपन्या धुतल्या तांदळासारख्या नाहीत. एजंटला माहीत असतं की हा ट्रॅक्टर हंगामात ऊस ओढणार. तरी हप्ता कमी दाखवून गिऱ्हाईक धरायचं म्हणून तो निव्वळ शेतीची पॉलिसी गळ्यात मारतो. एक छोटी ओळ तर कुणीच वाचून दाखवत नाही. व्यापारी वर्गातल्या गाड्यांच्या पॅकेज पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेट, बंपर, रंग यांचं नुकसान गाडी पूर्ण बाद झाल्याशिवाय मिळत नाही. ते हवं तर 'आयएमटी २३' नावाची पुरवणी जादा हप्ता देऊन घ्यावी लागते. ट्रॅक्टरचं मोडतं काय? मडगार्ड, बॉनेट आणि दिवेच की! साऊंड आणि एलईडीचं तर नावच नको. पॉलिसीत न लिहिलेल्या बाहेरच्या सामानाला सर्व्हेअर हातही लावत नाही.

सुरक्षेच्या सामानाची कदरही विम्यात उफराटी आहे. चोरी रोखणाऱ्या मान्यताप्राप्त उपकरणाला जुन्या मोटार टॅरिफमध्ये हप्त्यात अडीच टक्के सूट होती, जास्तीत जास्त ५०० रुपये. म्हणजे ट्रॅक्टर चोरीला जाऊ नये याची किंमत ठरवली. पण मागून येणारा माणूस मरू नये म्हणून पट्टी लावणाऱ्याला त्यात काहीच नव्हतं. स्वीडननं १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरवर उलटल्यावर चालकाला वाचवणारी लोखंडी चौकट सक्तीची केली आणि तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू जवळजवळ संपले. आपल्याकडं शोरूममधून छत्री मिळते, बंपर मिळतो, चौकट मागितली तर सेल्समन तोंडाकडं बघतो. कंपन्यांनी, डीलरनी आणि करार करणाऱ्या कारखान्यांनी याचं उत्तर द्यायला पाहिजे. वाहतुकीचा करार करताना कारखाना इतके कागद घेतो, तर दोन्ही ट्रॉल्यांचा विमा आणि मागची लाईट बघूनच गव्हाणीकडं गाडी सोडायला काय अडचण आहे?

कंपनी "देत नाही" म्हणाली की गप्प बसायचं नाही, हेही लक्षात ठेवा. २००४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की तिऱ्हाइताच्या दाव्यात अटीचा भंग झाला हे कंपनीनं सिद्ध करायचं असतं, आणि तो भंग अपघाताला कारणीभूत ठरेल इतका मोठा असावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत वापराची अट मोडली तरी सगळा क्लेम फेकून देता येत नाही, असं २०१० च्या निकालात आहे. तिथं ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. लायसन्सच्या बाबतीत २०२४ च्या नोव्हेंबरात घटनापीठानं सांगितलं की ७,५०० किलोच्या आतल्या गाडीला एलएमव्ही लायसन्स पुरतं, वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा लागत नाही. भांडायला जागा आहे. पण भांडणाऱ्याचे हात स्वच्छ असले तर त्याचं वजन पडतं. माझे नव्हते.

काही जण म्हणतील, "दादा, हौसंला मोल नसतंय." हौस करा की! आपल्या कोल्हापूरची हौस कोण रोखणार? पण आवाज इतका असतो की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि रात्री ऊस भरायला मागं लावलेला पांढरा फोकस रस्त्यावरही चालूच राहतो. मागच्याच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. जत्रेत ट्रॉली रिव्हर्स घ्यायची शर्यत लावतो, तीही घड्याळ लावून. पॉलिसीतली शर्यतीची आणि वेगाच्या चाचणीची मनाई कुणी वाचलीय?

मी या वर्षी काय केलं ते सांगतो. आधी आर.सी. आणि पॉलिसी शेजारी ठेवून वाचली. दोन्ही ट्रॉल्यांचे नंबर पॉलिसीत चढवले. भाड्यानं ऊस ओढणार हे कंपनीला लेखी कळवलं, हप्ता वाढला, भरला. वाढवलेले डाले कापून मूळ मापाला आणले. वेल्डिंगवाला हसला, हसू दे. ट्रॉलीच्या मागं तांबडी आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टी मारली. ऊस मागं लोंबला तरी दिसावी म्हणून मोळ्यांवर बांधायला वेगळी फळी केली. ड्रायव्हरच्या पेटीत त्रिकोण, बॅटरी आणि एक फडकं ठेवलं. खेपेला निघताना फडकं मारायचं, हा नियम. डांबरी रस्त्याला लागण्याआधी दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावायची, हा दुसरा. एकच ब्रेक दाबला गेला आणि ट्रॅक्टर फिरला, तर भरलेली ट्रॉली मागून ढकलत येते. तिला स्वतःचा ब्रेक नसतो. आणि चौकट नसलेल्या ट्रॅक्टरला नुसता सीटबेल्ट बसवू नका, उलटला तर माणूस खाली बांधलेला राहतो. बेल्ट चौकटीबरोबरच.

या सगळ्याला साऊंडच्या निम्मेही पैसे गेले नाहीत.

आज दिवस मावळल्यावर एवढंच करा. ट्रॉली रस्त्याकडेला लावा, शंभर पावलं मागं जा आणि मोटारसायकलच्या उजेडात बघा, काय दिसतंय. काहीच दिसलं नाही, तर हंगामाची पहिली खेप एक दिवस उशिरा गेली तरी चालेल. फोटो काढून खाली टाका, पट्टी लावायच्या आधीचा आणि नंतरचा. आणि तुमच्या पॉलिसीत वापराच्या रकान्यात काय लिहिलंय तेही लिहा, म्हणजे कोण कुणाला काय विकतंय ते सगळ्यांना कळू दे.