पट्टी वाचता येणारा मास्तर



सोयाबीनचा हिशेब 12 टक्के ओलाव्यावर धरतात. तुमच्या मालात 15 टक्के निघाला, तर क्विंटलमागे कटती किती? कोरडा माल 85 किलो. 12 टक्के ओलाव्याला त्याचेच वजन भरते 96 किलो 600 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे खरी कटती 3 किलो 400 ग्रॅम. शेकडेवारी सातवीच्या पोराला येते. पण मोंढ्यात बापाच्या हातात पट्टी पडते तेव्हा ते पोर गप्प उभे असते. शाळेत त्याने शेकडेवारी केली ती दुकानदाराच्या नफ्याची!

दोष मास्तरांचा कमी, मास्तर घडवण्याच्या रीतीचा जास्त.

जोतिराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगाला हेच सांगितले. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे, हे त्यांनी तोंडावर सुनावले. प्राथमिक शाळेचे मास्तर प्रशिक्षित हवेत, शक्यतो शेतकरी वर्गातले हवेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला न लाजणारे हवेत, अशी त्यांची मागणी होती. (आपली हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. इथल्या रयतेला विचारतो कोण?) पुढे 1935 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवणारे कॉलेजच काढले.

पण शेतकऱ्याचा मुलगा मास्तर झाला की काम भागले, असेही नाही. आज जिल्हा परिषद शाळांतले पुष्कळ गुरुजी आपल्याच घरचे आहेत. त्यांतलेही काही पोरांना दम देतात, 'शिकला नाहीस तर ढोरं वळशील.' बापाच्या धंद्याची लाज पोराला वर्गातच वाटायला लागते. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी 1963 साली अंगिकोस गावात कष्टकऱ्यांना अक्षरे शिकवली ती त्यांच्याच कामाच्या शब्दांतून. आणि ही गरिबी आली कुठून, हा प्रश्नही सोबत ठेवला. आपल्याकडे असे शब्द थोडे आहेत का? कटती, उचल, सातबारा, बोजा.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे एकच मागणी ठेवतो. डी.एल.एड.च्या छात्राध्यापकांनी आंतरवासितेतले पंधरा दिवस सोयाबीन काढणीच्या किंवा हळद शिजवण्याच्या हंगामात गावात राहून काढावेत. एक दिवस मोंढ्यात बसावे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरी बसून पोराची शाळा कोणत्या महिन्यात सुटते ते विचारावे. राहण्याजेवणाची सोय आपण करू.

तयारी असलेल्या गावांनी बैठकीत नावे द्यावीत. येताना गेल्या हंगामाच्या पट्ट्या आणाव्यात. पहिला पाठ त्यांच्यावरच घेऊ.