साठा कोणाचा, किल्ली कोणाकडे?

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीच्या पोटातील या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे आणि भाव पडला तरी माल तातडीने विकण्याची पाळी येत नसे. २००५च्या महापुरात मात्र या पेवांची मोठी हानी झाली. जवळचा साठा माणसाला स्वतंत्र ठेवतो आणि एकाच जागचा साठा एके दिवशी दगा देतो, असे दुहेरी शिक्षण कृष्णाकाठाला मिळाले. संगणकाच्या व्यवहारात या दोन्ही धड्यांचा विसर पडला आहे.

विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी आणि विलिंग्डन ही महाविद्यालये आहेत. तेथे शिकणारा जत-आटपाडीकडचा विद्यार्थी गावी परतला की मोबाईलच्या रोजच्या मर्यादेत सापडतो. जे सॉफ्टवेअर एका संगणकावर आले, तेच शेजारच्या संगणकासाठी पुन्हा विकत घेतलेल्या डेटावर उतरवायचे, हा गरिबाच्या पैशाचा उघड अपव्यय होय. शिवाय ही तार कोणाच्या हाती आहे? जून २०२३मध्ये कोल्हापुरात आणि सप्टेंबर २०२३मध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी हुकमाने इंटरनेट बंद झाले. अनिश्चित काळाची इंटरनेटबंदी चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२०मध्येच बजावले होते. तरीही हुकूम निघतच राहिले.

यावर उपाय नाही असे नाही. १९९३मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाची पॅकेजे कोणीही उतरवावीत, साठवावीत आणि दुसऱ्याला द्यावीत, अशी त्यांच्या परवान्यांची मुभा आहे. ‘अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी’ हा कार्यक्रम एका संगणकावर चालवला की पॅकेज बाहेरून एकदाच येते आणि खोलीतील सर्व संगणकांना तेथूनच मिळते. जेथे तारच नाही, तेथे ‘अ‍ॅप्ट-ऑफलाइन’च्या साहाय्याने हवी असलेली पॅकेजे पेन-ड्राइव्हवर नेता येतात. पॅकेजांच्या यादीवर प्रकल्पाची सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजची खूण नोंदलेली असते. त्यामुळे माल कोणाच्या हातून आला यापेक्षा तो अस्सल आहे की नाही, हे संगणकच तपासतो. एवढे मात्र खरे, की सुरक्षेच्या सुधारणा येत असतात. म्हणून साठा वेळोवेळी ताजा करण्याची जबाबदारी कोणीतरी अंगावर घेतली पाहिजे.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. पॅकेजांचा साठा बुडाला तर तो पुन्हा आणता येतो. परंतु संघटनेची सभासद-नोंद, शेतमजुरांच्या मजुरीचे हिशेब, विद्यार्थ्याचा प्रबंध यांची दुसरी प्रत जगात कोठेही नसते. पेन-ड्राइव्हवर जागा कमी असेल तर पॅकेजे पुसावीत, माणसांचे श्रम पुसू नयेत. अशा कागदांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत पुराच्या पाण्यापासून दूर, दुसऱ्या गावी असावी. प्रत उघडते की नाही हेही मधूनमधून पाहावे. न उघडणारी प्रत म्हणजे न वटणारी हुंडीच.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक जुना संगणक, एक मोठी डिस्क आणि दरमहा काम करणारा एक कार्यकर्ता पुरेसा आहे. वाचनालये, महाविद्यालये आणि कामगार संघटनांची कार्यालये यांनी असे सामाईक साठे उभारले पाहिजेत. सहकाराच्या जोरावर साखर कारखाने उभे करणाऱ्या जिल्ह्याला हे अवघड नाही. साठा सर्वांचा असेल, तरच किल्लीही सर्वांकडे राहील.