नळी बसवलेल्या कानात तेल नको

गेल्या वर्षी आमच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. हाक मारली तरी वळायचा नाही, इमला लिहिताना शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचा. आम्ही त्याला बेपर्वा ठरवले, दोनदा रागावलोही. पुढे कळले, कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचले होते. डॉक्टरांनी दोन्ही पडद्यांत ग्रॉमेट बसवले. तांदळाच्या दाण्याहून लहान नळी असते ती. काही दिवसांतच मुलगा म्हणू लागला, ‘पंखा किती आवाज करतो!’

दोन महिन्यांनी सर्दी झाली आणि कान वाहू लागला. दादीने मायेने लसणाचे कोमट तेल घातले. बिचारीचे काय चुकले, घरोघरी हेच चालते. पण नळी उघडी असताना कानात घातलेली वस्तू पडद्याआड जाऊ शकते. कपाटातले जुने थेंबही नकोत. काही थेंबांतली औषधे आतल्या कानाला इजा करून ऐकू येणेच कमी करू शकतात.

नळी बसवल्यावर कान वाहणे ही नेहमीची तक्रार आहे, ऑपरेशन फसले असे नव्हे. डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक थेंब अशा वेळी बहुधा गोळ्यांपेक्षा चांगले काम करतात. आधी बाहेरचा स्राव स्वच्छ कापसाने टिपावा, मुलाला कुशीवर निजवून थेंब घालावेत आणि कानापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा दाबावा. काडी आत घालू नये. ताप, रक्त, खूप दुखणे किंवा आठवड्यानंतरही वाहणे असेल तर लगेच दाखवावे.

पाण्याबद्दल आया फार विचारतात. वुजूत ओल्या बोटांनी कानाचा मसह केल्याने काही होत नाही. साबणाचे पाणी मात्र नळीतून सहज आत शिरते. डोके धुताना व्हॅसलीन लावलेला कापूस कानात ठेवावा. विहिरीत, तळ्यात सूर मारणे नळी असेपर्यंत बंद.

खरी हेळसांड पुढे होते. दुखत नाही म्हणून दाखवायला कोणी जात नाही. नळी साधारण 6 ते 18 महिन्यांत आपोआप गळून पडते, भोक बहुधा बुजते. थोड्या मुलांत तसेच राहते. कधी नळीच अडकून बसते, मग ती काढावी लागते. म्हणून दर चार-सहा महिन्यांनी तपासणी हवी, आणि नळी पडल्यावर ऐकण्याचीही.

आणि शाळेत सांगा. त्या मुलाच्या अम्मीने चिठ्ठी दिली असती तर आम्ही त्याला जूनमध्येच पहिल्या बाकावर बसवले असते.